सहाव्या परिच्छेदाखालची सही

आमच्या खात्यात पत्रांना उत्तरं लिहीत नाहीत, जुळवतात. नव्या माणसाला मी हे पहिल्याच दिवशी सांगते, तो हसतो, आणि मला इतकी वर्षं त्याचा थोडा अभिमानच वाटत आला. बत्तीस परिच्छेद आधीच तयार असतात. तळघरात एक बाई पत्रं उघडून वाचते; तिला आम्ही टपालबाई म्हणतो. पत्राचं सार ती दोन ओळींत एका पिवळ्या चिठ्ठीवर उतरवते आणि कोपऱ्यात परिच्छेदांचे आकडे टाकते. मूळ पत्र कपाटात जातं, चिठ्ठी वर माझ्या टेबलावर येते. मी आकड्यांवर नजर टाकायची, खूण करायची. मग छपाई, आणि खाली माझ्या सहीचा रबरी शिक्का. मनावर घेतलं तर दिवसाला चारशे चिठ्ठ्या हातावेगळ्या होतात.

संस्था आकाशाचा अभ्यास करते. मी आकाशातलं काही करत नाही, मी लोकांचं बघते. बत्तीसच्या बत्तीस परिच्छेद माझ्या हातचे आहेत.

आमच्या यानाला एका लांबच्या चंद्रावर, बर्फाखालच्या पाण्यात, काहीतरी जिवंत सापडलं. डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक, पण जिवंत. एकाचे दोन होतानाचे फोटोच आले. हे जाहीर केल्यावर लोक देवाधर्माचं विचारतील, घाबरतील, चिडतील, असं धरून आम्ही महिनोन् महिने तयारी केली होती. चौदा ते बावीस हे नऊ परिच्छेद खास श्रद्धाळूंसाठी. त्यासाठी विद्वानांची एक समिती बसवली होती आणि ‘हा शोध कोणाच्याही श्रद्धेबाबत काही विधान करत नाही’ या एका वाक्यावर ती दोन दिवस भांडली होती.

पोती भरून पत्रं आली, आणि त्यांत देवाबद्दल फारसं कोणी विचारलंच नाही. देवाचं आमचं आम्ही बघून घेऊ, असा एकूण सूर. लोकांना तारीख हवी होती. तुम्हाला कधी कळलं? किती दिवस दाबून ठेवलंत? आणखी काय दाबून ठेवलंय? एकाने लिहिलं होतं, देव निदान खोटी प्रसिद्धिपत्रकं काढत नाही. आम्ही ते वाचून जेवणाच्या सुट्टीत खूप हसलो.

तारखेसाठी होता परिच्छेद सहा. ‘ही माहिती निःसंशय ठरताच ती जनतेसमोर ठेवण्यात आली. त्यापूर्वी संस्थेतील कोणालाही याबाबत माहिती नव्हती.’ मसुद्यात मी ‘खात्रीची माहिती नव्हती’ असं लिहिलं होतं. साहेब म्हणाले, खात्रीची म्हटलं की लोक बिनखात्रीची मागत बसतील. म्हणून मी ‘खात्रीची’ खोडलं. साहेबांनी नुसतं सुचवलं होतं. पेन माझ्या हातात होतं. मला स्वतःला जाहीर व्हायच्या चार महिने आधीपासून ठाऊक होतं. परिच्छेद लिहायला कोणालातरी आधी सांगावंच लागतं ना.

आता आईबद्दल सांगितलं पाहिजे. ते टाळता आलं तर टाळण्याचा माझा स्वभाव आहे, हे सगळं त्यातूनच झालं.

आई प्रार्थनागृहात लहान मुलांना शिकवायची. आठवड्यातून एक दिवस, मोठ्यांचं प्रवचन चालू असताना, मागच्या खोलीत. तिला त्याचा पगार नव्हता आणि तिच्यासारखी नोकरी जगात कोणाला नव्हती, असं तिचं म्हणणं. बारा वर्षांपूर्वी एका मुलीने तिला विचारलं, चांदण्यांवर कोण राहतं. आई म्हणाली, “असेल की कोणीतरी. एवढं मोठं घर बांधून त्याने एकाच खोलीत दिवा लावला असेल, असं नाही वाटत मला.” मुलीने ते घरी जाऊन सांगितलं. आईबाप तक्रार घेऊन आले. प्रवचनकारांनी ठरवलं की सृष्टीत माणसाच्या मानाला वाटेकरी आणणं हे बाईंचं चुकलं, आणि त्यांनी सगळ्यांसमोर माफी मागावी.

आदल्या संध्याकाळी आई माझ्याकडे आली होती. तेव्हाही मी याच संस्थेत होते. तुमच्याकडे काय म्हणतात गं, असेल का कोणी, असं तिने चाचरत विचारलं. मी कपाट आवरत होते. मी म्हटलं, “पुरावा आहे का तुझ्याकडे? नाही ना? मग माग माफी आणि मोकळी हो.” ती बरं म्हणाली. माझ्या लेखी दोन्ही बाजू सारख्याच वेडगळ होत्या, आणि वेडगळांच्या भांडणात आपली आई हरली तर आपलं काय जातं, असं मला वाटलं होतं. हे मी आज लिहिते आहे आणि माझे कान गरम होताहेत.

तिने माफी मागितली. व्यासपीठाच्या खाली उभं राहून, हात जोडून, एका वाक्यात. नंतर तिने शिकवणं सोडलं, पण जाणं सोडलं नाही. बारा वर्षं शेवटच्या रांगेत, भिंतीला लागून, बाबांनी शिवलेल्या राखाडी उशीवर बसत राहिली.

मला यानाची बातमी कळली तेव्हा आई अंथरुणाला खिळली होती. तिचे त्रेपन्न दिवस उरले होते. अर्थात हा आकडा मी नंतर मोजला. बातमी कळली त्याच संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितली. तो मोरीतला नळ दुरुस्त करत होता. पाना हातात धरून तो तसाच उकिडवा बसून राहिला आणि त्याने पहिलं काय विचारलं असेल, तर आईंना सांगितलंस का. मी म्हटलं, गुप्ततेच्या कागदावर सही केली आहे मी. तो हसला. “मला सांगितलंस की.”

म्हणजे कागद आड आला नव्हता. आड आलं होतं ते हे, की आईच्या उशाशी बसून, तुझं बरोबर होतं, असं मला म्हणावं लागलं असतं. आयुष्यात हे वाक्य मी तिला एकदाही म्हटलं नव्हतं, आणि जीभ त्याला वळेना. मी स्वतःची समजूत काढली की दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे, बातमी येईल, बाबा वाचून दाखवतील, ती मजेत हसेल आणि मला काही बोलावंच लागणार नाही. डॉक्टर आशेचं बोलत होते. मला ते सोयीचं होतं.

एका दुपारी तिने स्वतःहून विचारलं. मी तिची उशी सारखी करत होते. “सापडलं का गं तुमच्या यानाला काही?” मी म्हटलं, अजून नाही. ती म्हणाली, “सापडलं की आधी मला सांग हं.” मी हो म्हटलं. त्यानंतर ती एकवीस दिवस होती.

बातमी जाहीर झाली तेव्हा तिला जाऊन सव्वादोन महिने झाले होते. पुढच्याच प्रार्थनेच्या दिवशी त्याच प्रवचनकारांनी त्याच व्यासपीठावरून सांगितलं की त्याच्या सृष्टीला सीमा नाही, हे आपण पूर्वापार सांगत आलो आहोत. माणसं माना डोलावत होती म्हणे. बाबा घरी आले आणि त्यांनी मला फोन केला. नमस्कार-चमत्कार नाही, थेट विचारलं, तुला आधी ठाऊक होतं का. मी नाही म्हटलं. इतक्या चटकन म्हटलं की प्रश्न पुरता संपलाही नव्हता. बरं, म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

महिनाभर त्यांच्या बोलण्यात काहीतरी अडकलेलं असायचं. जेवलात का, जेवलो; औषध घेतलंत का, घेतलं. मी गेले तर चहा करायचे आणि कपाकडे बघत बसायचे. मग एका सुट्टीच्या दिवशी मी गेले तर दारातच त्यांचा चेहरा उजळलेला. मला बसवलं, आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. वर आमच्या संस्थेचं चिन्ह. खाली माझी सही.

परिच्छेद सहा. परिच्छेद चौदा. शेवटी आभार.

बाबांनी जन्मभर लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासल्या आणि आता त्यांना स्वतःला बारीक अक्षर दिसत नाही. शेजारणीकडून त्यांनी हे इतक्यांदा वाचून घेतलं होतं की ते त्यांना पाठ झालं होतं. मी कागद हातात धरून बसले होते आणि ते समोरून म्हणत होते, “त्यापूर्वी संस्थेतील कोणालाही याबाबत माहिती नव्हती.” मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. “चुकलो मी, बाळ. मी तुझ्यावर संशय घेतला. मला वाटलं होतं, तुला माहीत असून तू तिला सांगितलं नाहीस. बापाने असं मनात आणायला नको होतं. मला माफ कर.”

मी काय केलं? मी म्हटलं, असू दे हो बाबा. म्हणजे मी मोठ्या मनाने त्यांना माफ केलं.

त्यांचं पुढचं सगळं ठरलेलं होतं. येत्या प्रार्थनेच्या दिवशी हे पत्र सगळ्यांसमोर वाचायचं. त्यांचा हिशेब सरळ होता. आई गेली तेव्हा संस्थेतसुद्धा कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणजे जगात कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि तिने तर ते बारा वर्षांपूर्वी सांगितलं होतं. आता संस्थेचाच कागद आहे; सही प्रत्येकच पत्राखाली माझी असते, मजकूर मात्र संस्थेचा, असं त्यांनी धरलं होतं. प्रवचनकारांना त्यांनी विचारलं होतं. एवढ्या मोठ्या संस्थेचं पत्र आपल्याकडे वाचलं जाणार म्हटल्यावर गृहस्थ खूश झाले होते, आत काय आहे ते न विचारता त्यांनी पाच मिनिटं देऊ केली होती. वाचायचं मी. त्यांना दिसत नाही, आणि सही माझीच आहे, तेव्हा शोभूनही दिसेल.

दुसऱ्या दिवशी मी तळघरात गेले. टपालबाईने कपाटातून पत्र शोधून दिलं आणि काही चुकलं का म्हणून विचारलं. तिची चिठ्ठीही सोबत टाचलेली होती: ‘वृद्ध. पत्नीचं निधन. तारीख विचारतात. श्रद्धाळू. ६, १४.’ त्यावर माझी खूण. तिचं काहीच चुकलं नव्हतं. आमच्या पद्धतीप्रमाणे चिठ्ठीत प्रश्न उतरवायचे, बाकीचं गाळायचं, आणि ही पद्धतही मीच घालून दिलेली होती. नाव-पत्ता पाकिटाबरोबर थेट छपाईकडे जातो, तो मला दिसतच नाही.

बाबांनी पत्र स्वतः लिहिलं होतं. चार चार ओळींची जागा घेणारी मोठी, वेडीवाकडी अक्षरं. आई गेल्याची तारीख दिली होती आणि विचारलं होतं की त्या तारखेला तुमच्याकडे कोणाला ठाऊक होतं का, एवढंच कळवा. खाली, गाळलेल्या भागात, हे होतं:

‘माझी मुलगी तुमच्याकडेच कामाला आहे. तिला मी विचारलं होतं. पण ती खरं बोलली की मला बरं वाटावं म्हणून बोलली, हे मला ओळखता येत नाही. ऑफिसला माझ्या मनाची पर्वा करायचं कारण नाही, म्हणून तुम्हाला विचारतो.’

मी ते कपाटाला टेकून उभ्या उभ्या दोनदा वाचलं. टपालबाई पाणी देऊ का म्हणाली. ऐंशी वर्षांच्या माणसाने माझ्यापेक्षा ऑफिसवर जास्त विश्वास टाकला होता, आणि ऑफिस म्हणजे मीच निघाले होते.

सांगायला चार दिवस होते. मी फोन उचलायचे आणि तिकडून बाबा आधी बोलायला लागायचे: कोट धुवायला टाकला आहे, शेजारीणही येणार आहे, तू जरा लवकर ये. आवाज दहा वर्षांनी तरुण झालेला. मला वाटायचं, यात कोणाचं नुकसान होतंय? आईला मान मिळतोय, बाबांना समाधान मिळतंय, आणि खोटं बोलायचं ते तर मी बोलून बसलेच आहे. नवऱ्यापुढे हे मांडून बघितलं. तो म्हणाला, तुझे बत्तीस परिच्छेद झाले, हा तेहतिसावा. मी दिवसभर त्याच्याशी बोलले नाही.

प्रार्थनागृह तसंच होतं. लांबट दालन, लाकडी बाकं, खिडक्यांच्या तावदानांवर धूळ. शेवटच्या रांगेत भिंतीकडेला राखाडी उशी होती, आणि तिच्यावर कोणी बसत नव्हतं. बाबा दर आठवड्याला तिच्या शेजारी बसायचे हे मला तेव्हा कळलं. प्रवचन संपल्यावर आम्हाला पुढे बोलावलं. बाबा माझा हात धरून आले आणि व्यासपीठाच्या खाली, नेमके आई उभी राहिली होती तिथे उभे राहिले. ते फार बोलले नाहीत. म्हणाले, माझ्या बायकोने बारा वर्षांपूर्वी इथे तुमची माफी मागितली होती. ती गेली तेव्हा जगात कोणालाही ठाऊक नव्हतं ते तिने तुमच्या मुलांना शिकवलं होतं. हे मी म्हणत नाही, संस्था म्हणते. माझी मुलगी वाचेल. पहिल्या बाकावर कोणीतरी घसा साफ केला. प्रवचनकारांचं हसू जागच्या जागी राहिलं होतं, फक्त डोळे खाली गेले होते. बाबा जाऊन पहिल्या बाकाच्या कडेला बसले.

मी मनाशी ठरवून आले होते. ती ओळ गाळायची. निःसंशय ठरताच जनतेसमोर ठेवली, इथवर वाचायचं आणि तिथून थेट चौदाव्यावर उडी मारायची. खोटंही बोलायचं नाही, खरंही बोलायचं नाही. हा माझा प्रामाणिकपणा.

मी वाचलं. आवाज बरा निघाला. उडी मारली.

“एक ओळ राहिली,” बाबा म्हणाले. त्यांना वाटलं मी गडबडले आहे, त्यांनी मला धीर द्यायला हात पुढे केला. “‘त्यापूर्वी’पासून वाच, बाळ. तीच तर महत्त्वाची.”

मी कागदाकडे बघितलं. अक्षरं स्वच्छ होती, आमची छपाई चांगली आहे. मी ‘त्यापूर्वी’ म्हटलं आणि पुढचा शब्द तोंडातून येईना. सगळे बघत होते. शेजारणीने मला खुणेने विचारलं, चष्मा हवा का.

“ती ओळ खोटी आहे,” मी म्हटलं. “ती मी लिहिली आहे. मला ठाऊक होतं.”

बाबांचा हात अजून धीर द्यायला पुढे आलेला, तसाच गुडघ्यावर उलटा राहिला.

“आई गेली त्याच्या आधी?”

“त्रेपन्न दिवस आधी.”

आकडा ते मनात कुठेतरी लावून बघत असावेत. कोणत्या दिवशी ती काय खात होती, कोणत्या दिवशी ती उठून बसली होती. मग त्यांनी अगदी हळू, जणू दालनात आम्ही दोघंच आहोत असं विचारलं, “तिने तुला विचारलं होतं का?”

मी हो म्हटलं.

“मग तू काय म्हणालीस?”

“अजून नाही, म्हणाले. ती म्हणाली, सापडलं की आधी मला सांग. मी हो म्हटलं.”

तेव्हा मला वाटलं ते उठून जातील. मी तशी तयारीही केली होती, की ते जातील, मी मागे धावेन, रस्त्यात रडेन, आणि तेवढ्यापुरती सुटका होईल. पण ते उठले आणि दाराकडे न जाता शेवटच्या रांगेकडे गेले. एका हाताने बाकांच्या पाठी चाचपत. राखाडी उशी उचलली, मांडीवर घेतली आणि आईच्या जागेवर बसले. इतक्या लांबून त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, मला त्यांचा दिसत होता.

“पुढचं वाच,” ते तिथून म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “तिनेही इथे तिची माफी पुरती बोलून दाखवली होती. अर्ध्यावर सोडू नकोस. सहीपर्यंत वाच.”

मी परिच्छेद चौदा वाचला. हा शोध कोणाच्याही श्रद्धेबाबत काही विधान करत नाही. मी आभार वाचले. मग खाली शिक्का होता, त्यातलं माझं नाव मी वाचलं, आणि हुद्दाही वाचला.